‘ताई, या वेळी तरी फोन उचला’: एका आत्मशोध शिबिराचा अनुभव

तीन दिवसांनी माझा फोन हातात परत आला, तो ओटीपी टाकण्यापुरता. निळ्या कापडी पिशवीवर माझा क्रमांक होता, २१. टेबलापलीकडच्या बाईंनी पिशवीची नाडी स्वतः सोडली, फोन सुरू करून माझ्यापुढे ठेवला आणि कार्ड मागितलं. बँकेच्या मेसेजवर वेळ आहे म्हणून सांगता येतं, रात्रीचे ११ वाजून ४२ मिनिटं. एरवी कळायचा मार्ग नव्हता, घड्याळंही त्यांनीच काढून घेतली होती. साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम एका झटक्यात गेली.

याला वर्ष होऊन गेलं. लाजेपोटी उघडपणे कुठे बोलले नव्हते. पण गेल्या महिन्यात त्याच शिबिराचं आमंत्रण माझ्या एका मैत्रिणीला आलं. तिचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

माझा भाऊ अचानक गेला. त्यानंतर कामात मन लागेना. हातातलं काम सोडून मी तासन्‌तास विचार करत बसायचे, हे सगळं कशासाठी चाललंय? हा प्रश्न खरा होता आणि आजही तो मला खराच वाटतो. अशा वेळी कुणी म्हटलं, ‘चार समदुःखी माणसांत बसून जीवनाचा अर्थ शोधू या,’ तर माणूस जाणारच. तिथे जाण्यात काही चूक होती असं मी मानत नाही.

सुरुवात एका मोफत संध्याकाळीने झाली. मंद दिवे, आवाजात मार्दव, घाई कशाचीच नाही. शिबिर छोट्या गटाचं असेल, प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं होईल आणि शेवटी ज्याच्या त्याच्या आयुष्यावरून तयार केलेलं ‘जीवनसूत्र’ लेखी मिळेल, असं सांगितलं. तीन दिवसांची फी अर्ध्या पगाराएवढी होती. ती मी आनंदाने भरली. पुढे आणखी दोन टप्पे आहेत आणि खरे पैसे तिथे आहेत, याचा त्या संध्याकाळी कुणी उच्चारही केला नाही.

गेले तर हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. खिडक्यांना जाड पडदे. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत सत्रं चालायची, झोप मिळायची जेमतेम चार तास. परवानगीशिवाय हॉलबाहेर जायचं नाही. पहिल्या दुपारी एका वयस्कर गृहस्थांनी उभं राहून विचारलं, ‘हे सगळं आधी का सांगितलं नाही? मला घरी फोन करायचाय.’ मार्गदर्शकांनी त्यांना उभंच ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना विचारलं, ‘यांच्या बोलण्यात तुम्हाला काय दिसतं?’ एकेक जण म्हणत गेला, ‘भीती.’ ‘अहंकार.’ ‘प्रतिकार.’ माझी पाळी आली तेव्हा मीही ‘भीती’ म्हणाले. चहाच्या सुट्टीनंतर ते गृहस्थ दिसले नाहीत. त्यांची रिकामी खुर्चीही कुणीतरी उचलून नेली होती.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेले प्रयोग नंतर वाचले, तेव्हा ती खुर्ची आठवली. रेघांची लांबी ओळखायची, इतकी साधी गोष्ट. पण भोवतालचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत असले की चारातले तीन जण एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळत. मात्र त्या गटात दुसरं एक जरी माणूस खरं बोललं, तरी हे वाहवत जाणं खूप कमी व्हायचं. आमच्यातल्या त्या एका माणसाला पहिल्याच दुपारी बाहेर काढलं गेलं होतं.

त्याच संध्याकाळी प्रत्येकाला एक ‘सोबती’ दिला. माझी सोबती माझ्याच वयाची. अतिशय गोड बाई, डोळ्यांत पाणी आणून ऐकायची. दुसऱ्या रात्री सांगितलं गेलं की आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सोबत्याला सांगायची. ती तुम्हा दोघांतच राहील. मी सांगितली. भाऊ गेला त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता. मी कामात होते. फोन कापला, नंतर करू म्हटलं. त्याच रात्री त्याला हृदयविकाराचा झटका आला. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच.

त्या रात्री मला खूप हलकं वाटलं. ते हलकेपण खोटं नव्हतं. इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणापुढे तरी उतरवला होता, ते कुठेही उतरवलं असतं तरी हलकं वाटलंच असतं. पण झोप नाही, घरच्यांचा आवाज नाही, अशात मला वाटलं की हे या शिबिरानेच दिलं. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांचा १९५९ चा प्रयोग आहे: एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काही विद्यार्थिनींना फार लाजिरवाण्या परीक्षेतून जावं लागलं, काहींना सहज प्रवेश मिळाला. चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवलेली होती. जिने जास्त सोसलं तिलाच ती चर्चा जास्त चांगली वाटली. जिथे आपण रडलो ती जागा फालतू होती, हे मानायला मन तयारच होत नाही.

तिसऱ्या रात्री एकेकाला आत बोलावलं. टेबलावर अर्ज आणि कार्डाचं मशीन. पुढच्या टप्प्याची रक्कम ऐकून मी म्हटलं, घरी विचारते, दोन दिवसांत कळवते. त्या बाईंना मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, नंतर करू असं तुम्ही एकदा म्हणाला होतात ना? हाही एक फोनच आहे. या वेळी तरी उचला.’

माझे हातपाय गार पडले. हे यांना कसं कळलं, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पडला तो घरी गेल्यावर, दोन दिवस झोपून उठल्यावर. त्या क्षणी फक्त भाऊ दिसत होता. मी कार्ड काढून दिलं.

सोबती म्हणजे आमच्यासारखी नवखी बाई नव्हती, हे पुढे कळलं. ती आधीच्या तुकडीतली होती आणि ‘सेवा’ केल्याबद्दल तिला पुढच्या टप्प्याच्या फीत सूट होती. मला तिचा राग येत नाही. तिचीही अशीच कुठलीतरी रात्र कुणीतरी वापरली असणार.

‘जीवनसूत्र’ सुंदर जाड कागदावर मिळालं: ‘तुमचं जीवन इतरांच्या जखमांवर फुंकर घालण्यासाठी आहे.’ मी ते फ्रेम करायला टाकणार होते. महिनाभराने शिबिरातल्या दोघींना भेटले. तिघींनी आपापले कागद टेबलावर ठेवले. तिन्हींवर तेच वाक्य होतं. एकीच्या कागदावर नावाची जागा खोडून पुन्हा लिहिलेली होती.

मी पैसे परत मागितले. दुसऱ्या टप्प्याची तारीख तोवर तीनदा पुढे गेली होती. आधी उत्तर आलं, पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या तुकडीत जमा धरू. मग आलं, पैसे परत मागणं हीच तुमची पळ काढण्याची जुनी सवय आहे. बँकेने हात वर केले: ओटीपी तुम्हीच टाकलात. वकिलामार्फत नोटीस पाठवल्यावर मात्र सूर बदलला. अर्धी रक्कम द्यायला तयार झाले, पण एका कागदावर सही करायची: शिबिराबद्दल मी समाधानी आहे आणि याविषयी कुठेही बोलणार नाही. त्याच फोनवर शेवटी असंही म्हणाले, ‘तुम्ही आतमध्ये जे जे बोललात ते आमच्याकडे नोंदवलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.’ मी सही केली नाही. अर्धी रक्कमही गेली. वाईट वाटतं, मोठी रक्कम होती. पण सही केली असती तर हे लिहिता आलं नसतं.

ही धमकी नवीन नाही. अमेरिकेत ‘नेक्सियम’ नावाची व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालवणारी संस्था होती. तिच्यातल्या एका गुप्त गटात बायकांकडून खाजगी कबुल्या आणि फोटो ‘तारण’ म्हणून घेतले जात. संस्थापक कीथ रॅनिअरी याला २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली. आणि ॲरिझोनातल्या सेडोनाजवळ ऑक्टोबर २००९ मध्ये जेम्स आर्थर रे याच्या शिबिरात तर जीवच गेले. लोकांनी नऊ हजार डॉलरहून जास्त भरले होते. आधी दीड दिवस वाळवंटात अन्नपाण्याशिवाय काढला, मग तापलेल्या दगडांच्या वाफेने भरलेल्या बंदिस्त तंबूत बसले. तिघांचा मृत्यू झाला, रेला २०११ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. आमच्या शिबिरात कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण त्या हॉलमधून उठून जाणं मला किती अशक्य वाटत होतं हे आठवतं, म्हणून त्या तंबूतली माणसं का उठली नाहीत असं मी कधीच विचारणार नाही.

सगळीच शिबिरं अशी असतात असं म्हणून मला कुणाची वाट अडवायची नाही. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाची, जगभर चालतात. तिथेही फोन काढून घेतात, तिथेही पहाटे चारला उठवतात. पण हे सगळं नियमावलीत आधीच छापलेलं असतं, अर्जात मानसिक आणि शारीरिक आजारांविषयी विचारतात, फी नसते, आणि देणगीसुद्धा शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. म्हणजे ऐन रडवेल्या क्षणी तुमच्यापुढे कुणी कार्डाचं मशीन ठेवत नाही. अर्थात इतक्या दिवसांचं मौन प्रत्येकालाच झेपतं असंही नाही. कुणाचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

कुठलंही शिबिर असो, मी आता पैसे भरण्याआधी दिवसाचं वेळापत्रक लेखी मागते, झोपेच्या तासांसकट. पुढचे टप्पे किती आणि त्यांची फी काय, हेही आधीच विचारते. मधूनच निघावंसं वाटलं तर कुणाला सांगायचं आणि फोन किती वेळात हातात येईल, याचं सरळ उत्तर हवं. ‘अनुभव घ्या, मग कळेल’ असं म्हणाले तर तिथूनच परत फिरा. आणि गटात बोलायला बसाल तेव्हा समोरचा तिथे कोणत्या नात्याने बसला आहे, त्याला फीत सूट मिळते का, हे विचारायला संकोच करू नका. मी विचारलं असतं तर ती गोड बाई माझ्याशी खोटं बोलली असती असं मला वाटत नाही. शिबिर संपल्यावर सात दिवस कुठल्याही कागदावर सही करू नका, कुठलंही कार्ड काढू नका. खरोखर चांगली गोष्ट असेल तर ती सात दिवसांनीही तिथेच असेल.

दिवाळखोरीच झाल्यासारखी मी काही महिने गप्प होते. मग एक दिवस वहिनीकडे गेले आणि ती फोनची गोष्ट तिला सांगितली. ती काही न बोलता आत गेली आणि भावाचा जुना फोन घेऊन आली. तिने तो चार्ज करून ठेवलेला असतो. त्या संध्याकाळची यादी उघडून तिने माझ्यापुढे धरली. त्याने सात जणांना फोन लावले होते. माझा तिसरा होता. माझ्यानंतरच्या चौघांशी तो बोलला होता, एकाशी तर अकरा मिनिटं.