धर्माच्या गायीचे दात

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आमच्याकडे फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवणाऱ्याला ऐकवतात. मार्च २०२३ मध्ये मी ती मनातल्या मनात स्वतःलाच ऐकवली आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याचे ८६,००० रुपये झाले. पैसे माझे असते तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते. पण ते १४३ जणांचे होते आणि माझ्या शब्दावर आले होते.

माझा धाकटा भाऊ मे २०२१ मध्ये आंब्याच्या कलमावरून पडला. हंगामाची शेवटची काढणी होती, आभाळ भरून आले होते आणि पाऊस लागण्याआधी झाड उतरवायचे म्हणून झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन तो नेहमीपेक्षा वरच्या फांदीवर गेला. पाठीचा डी-१२ मणका मोडला, ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू बसवले, जीव वाचला, हात शाबूत राहिले आणि कमरेखाली काहीही उरले नाही. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत उतारावर आहे. अंगणातून रस्त्यावर यायला जांभ्याच्या बावीस पायऱ्यांची पाखाडी आहे, त्यामुळे साधी व्हीलचेअर ओटीच्या पलीकडे कधी गेलीच नाही. न्हाणीचा दरवाजा दोन फुटांचा आणि चेअर सव्वादोन फुटांची, म्हणून तिथेही त्याला उचलूनच न्यावे लागे. दवाखान्यात जायचे तर चार माणसे गोळा करायची, आणि काढणीच्या दिवसांत चार माणसे मिळत नाहीत. मोटरवर चालणारी चेअर, पाखाडीला वळसा घालून काढलेला उतार आणि रुंद केलेली न्हाणी, एवढे झाले की तो आपला आपण रस्त्यावर येऊ शकणार होता. तिन्हींचा अंदाज २,४०,००० रुपयांचा निघाला.

आवाहन मीच लिहिले. मी प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे मजकूर नीटनेटका होता, आणि विश्वास बसावा म्हणून मी त्यासोबत भावाचा फोटो, दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र दोन्ही बाजूंनी आणि माझा मोबाइल नंबर जोडला. ते वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेले, तिथून पुढे कुठे कुठे गेले हे मला आजही ठाऊक नाही. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी पालखीच्या दिवशी पाकिटे दिली, शाळेतल्या सहकाऱ्यांनी दिले, आणि आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी, ज्यांचे स्वतःचे मानधन महिनोन्महिने थकलेले असते, पदराच्या गाठीतून दोनशे रुपये काढून माझ्या हातात ठेवले. तीन आठवड्यांत १,१८,००० रुपये जमले. प्रत्येक नाव मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले होते.

मार्चच्या मध्यात फोन आला. बोलणारा माणूस स्वच्छ, अदबशीर मराठी बोलत होता, मला ‘ताई’ म्हणत होता, आणि एका धर्मादाय ट्रस्टचे नाव सांगून त्याने भावाचा डी-१२, दिव्यांगत्वाची टक्केवारी, ऑपरेशनची तारीख सगळे बिनचूक सांगितले. मला वाटले, यांनी किती अभ्यास केला आहे! ही सर्व माहिती मीच जगाला वाटली होती हे तेव्हा डोक्यात आले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, आतापर्यंत किती जमले?’ मी खरा आकडा सांगितला.

योजना त्याने अशी मांडली: १,८०,००० रुपयांची उत्तम प्रतीची चेअर, त्यातले साठ टक्के एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, आणि चाळीस टक्के म्हणजे ७२,००० रुपये लाभार्थ्याचा ‘लोकवाटा’. या शब्दाने माझा निम्मा संशय संपवला, कारण गावच्या पाणी योजनेत लोकवाटा भरलेल्या माणसाला तो शब्द सरकारीच वाटतो. निधी ३१ मार्चपूर्वी खर्ची पडला नाही तर परत जाईल, असेही तो म्हणाला. मार्चअखेरची धावपळ दर वर्षी शाळेत पाहणाऱ्या मला त्यात वावगे काय दिसणार? पाठोपाठ ट्रस्टचे नोंदणी प्रमाणपत्र आणि ८०-जीचे, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारे, पत्र आले. दोन्ही खरी होती. ट्रस्टही खरा होता, फक्त त्या ट्रस्टला या माणसाचा पत्ता नव्हता. हे मला नंतर, त्या ट्रस्टच्या कार्यालयाचा नंबर दुसरीकडून शोधून फोन केल्यावर कळले. कार्यालयातल्या बाईंचा आवाज ऐकून वाटले की असा फोन करणारी मी पहिली नाही. म्हणून नोंदणी क्रमांक खरा निघाला तरी तेवढ्यावर थांबू नका, आणि फोन करायचा तो नंबर समोरच्याने दिलेला नसावा.

पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचे नाव आले, ते एका व्यक्तीचे होते. मी विचारलेही. ‘ते आमचे कोषाध्यक्ष, ट्रस्टच्या खात्याचे ऑडिट चालू आहे,’ असे उत्तर मिळाले. पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि खरी चूक तिथे झाली. जो माणूस आपल्याला एक लाख आठ हजार रुपये द्यायला निघाला आहे त्याची उलटतपासणी घेणे मला असभ्यपणाचे वाटले. दोन वर्षे सतत कुणाकुणाकडे काही ना काही मागत राहिले की मान आपोआप खाली जाते, आणि खाली गेलेल्या मानेने प्रश्न विचारता येत नाहीत. त्या माणसाला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होते. १८ मार्चला मी ७२,००० रुपये पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉलवर भावाची मापे मागितली. आईने शिवणकामाची टेप आणली; मी माप घेत होते, ती त्याचे पाय धरून बसली होती आणि तो माणूस पलीकडून शांतपणे सांगत होता की बसल्यावर मांडीची रुंदी घ्या, गुडघ्यापासून टाचेपर्यंत घ्या, दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त धरा म्हणजे कातडी घासून जखम होणार नाही. बेडसोरने हैराण झालेल्या घरात हे वाक्य काय काम करते हे मी सांगायला नको. शेवटी त्याने भावालाच विचारले, ‘रंग कोणता? मरून की निळा?’ अपघातानंतर माझ्या भावाला कुणी त्याची पसंती विचारल्याचे मला आठवत नाही. तो म्हणाला, निळा.

चेअर गुढीपाडव्याला दारात येईल असे ठरले होते. पाडवा २२ तारखेला होऊन गेला. २३ तारखेला वाहतूक विम्यासाठी १४,००० रुपये मागितले गेले, ‘चेअर हातात पडली की परत मिळतील’ या शब्दावर, आणि तेही मी भरले. मग २९ तारखेला बिल आले. चेअर वाहतूकदाराच्या गोदामात पोहोचली आहे, पण १,८०,००० रुपयांवरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२,४०० रुपये लाभार्थ्याने भरायचे आहेत. वहीत तेव्हा ३२,००० रुपये उरले होते. पदरचे चारशे घालून हिशेब जुळत होता, आणि इतका छान जुळत होता की आज त्याची लाज वाटते. चेअरची किंमत, लोकवाट्याची टक्केवारी, विमा, कर, सगळे आकडे आमच्या वहीवरून बेतलेले होते.

वाचवले ते सिमेंटच्या दुकानदाराने. उतारासाठी सिमेंट सांगायला मी त्यांच्याकडे गेले होते आणि सहज ते बिल दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘बाई, अपंगांच्या चेअरवर अठरा टक्के कुठून आला? तिथे पाच टक्के आहे.’ मग त्यांनी जीएसटी क्रमांकावर बोट ठेवले. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, ते बरोबर होते; त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन, आणि पॅनचे चौथे अक्षर धारक कोण ते सांगते. बिलाच्या डोक्यावर प्रायव्हेट लिमिटेड लिहिले होते, म्हणजे तिथे ‘सी’ हवे होते. तिथे ‘पी’ होते, म्हणजे ती एक व्यक्ती होती. सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून त्यांनी पाहिले, तर तो नोंदणी रद्द झालेल्या एका कापडाच्या दुकानाचा निघाला. या तपासाला पाच मिनिटेही लागली नाहीत. माझ्या फोनमध्ये ते संकेतस्थळ सकाळीसुद्धा उघडले असते.

त्याच दुपारी मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पहिल्यांदा विचारतात तो व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. तो हाताशी असेल तर मिनिटे वाचतात, आणि सगळा खेळ मिनिटांचाच असतो. माझे अकरा दिवस गेले होते. पहिली रक्कम त्याच संध्याकाळी तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून काढली गेली होती. दुसऱ्या रकमेतले ९,३०० रुपये एका खात्यात अडकलेले सापडले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर सात महिन्यांनी परत आले. ज्याच्या नावे खाते होते तो कोषाध्यक्ष म्हणजे थोड्या पैशांसाठी आपले पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याला देऊन बसलेला एक मजूर होता, असे पोलिसांनी सांगितले.

सर्वांत अवघड काम वहीचे होते. मी मंडळाच्या मुंबईतल्या बैठकीला गेले आणि जमा, खर्च, फसवणूक असे तिन्ही आकडे उभी राहून वाचले. बहुतेकांनी धीर दिला. एकाने मागच्या रांगेतून ‘फसवणूक झाली की दाखवली?’ असे विचारले, आणि त्याचा मला राग आला नाही, कारण लोकांचे पैसे घेणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. मी तो विचारायला लाजले म्हणून तर त्या सभेत उभी होते. ज्यांना हवे त्यांना पैसे परत करीन म्हटले, दोघांनी घेतले. शिक्षक पतपेढीचे कर्ज काढून खड्डा भरला. पोषण आहाराच्या बाईंना दोनशे रुपये परत द्यायला गेले, तर त्यांनी भांडी घासता घासता मानसुद्धा वर केली नाही. ‘ठेवा तुमच्याकडे, चेअरला लागतील,’ एवढेच म्हणाल्या.

ज्या गोष्टी आधी करायला हव्या होत्या त्या नंतर केल्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, त्यातून उताराला हातभार मिळाला. दिव्यांगांना साधने देणारी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे, आणि तिच्या शिबिरांत कानपूरच्या एलिम्को या ती साधने बनवणाऱ्या सरकारी कंपनीची माणसे समोर बसवून मापे घेतात. शिबिराला गेलो तेव्हा मोजणाऱ्या मुलाने माझ्या आधीच्या मापांतली मांडीची रुंदी दोन इंचांनी चुकलेली दाखवली. कुणीही लोकवाटा, विमा किंवा प्रक्रिया शुल्क मागितले नाही. आवाहनातून ओळखपत्र आणि डिस्चार्ज कार्ड काढून टाकले, आणि पैसे घ्यायला भाऊ आणि मंडळाचे खजिनदार अशा दोघांच्या सहीचे वेगळे खाते उघडले. तोपर्यंत सगळे माझ्या पगाराच्या खात्यात येत होते, ती माझी दुसरी मोठी चूक.

गेल्या वर्षी पुन्हा एक फोन आला. आवाज वेगळा, अदब तीच. आपण सायबर विभागाचे वकील आहोत, तुमचे गेलेले ८६,००० रुपये गोठवलेल्या खात्यात सापडले आहेत, फक्त २,५०० रुपये अर्ज शुल्क भरा, असे तो सांगू लागला. फसलेल्यांच्या याद्यासुद्धा विकल्या जातात हे मला तेव्हा उमगले. फोन स्पीकरवर होता. भाऊ नव्या उतारावरून नुकताच वर आला होता, त्याने चेअर माझ्याकडे वळवली आणि फोनच्या दिशेने वाकून म्हणाला, ‘वकीलसाहेब, माझी मापं तुमच्या माणसांकडे आहेत. चेअर निळी सांगितली होती, ती पाठवा आधी.’ पलीकडून फोन ठेवला गेला. तो नंबर आम्ही जुन्या तक्रारीला जोडून दिला.