ताण मोजणारं घड्याळ: आकडा सोडा, श्वासाचा भाग वापरा

हे घड्याळ नागपुरात बर्डीच्या बाजारातून साडेतीन हजारांत घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मी जीएसटीच्या कामाची बाई. महिन्याची वीस तारीख जवळ आली की मान आखडते, पित्त उसळतं, झोप तुटते. म्हणून हा खर्च.

दुकानदार म्हणाला, “मॅडम, हे तुमचं स्ट्रेस हार्मोन दाखवते.” काही दाखवत नाही. ते हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल, आणि ते मोजायला रक्त, लाळ नाहीतर लघवी तपासावी लागते. घड्याळाखालचा हिरवा दिवा फक्त नाडी बघतो. श्वास घेताना ठोके किंचित लवकर पडतात, सोडताना किंचित उशिरा. ताणात हा फरक कमी होतो. त्यावरून ० ते १०० असा एक आकडा काढतात, झालं.

त्यामुळे सावजी मटण खाल्लं तरी आकडा लाल, मेच्या दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहिलं तरी लाल, भारताची शेवटची ओव्हर असली तरी लालच. यात घड्याळाला तरी काय बोलणार? हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवर हेच पाहिलं होतं. थंडी असो, जखम असो की औषधाचा मारा, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या आणि पोटात व्रण. कारण वेगवेगळं, शरीराचं उत्तर तेच. सिग्नल सुटला की आपलं शरीर शांत होतं. रिटर्नची काळजी मात्र रात्री उशाशीच असते, आणि त्रास तिथे आहे: रक्तदाब, साखर, झोप सगळ्यांवर ती चढून बसते.

म्हणून मी दिवसाचे आकडे बघणं सोडलं, रात्रीच्या ताणाची रेघ तेवढी बघते. अकरा वाजता जेवून क्लायंटचे मेसेज वाचत पडलं की ती रेघ पहाटेपर्यंत खाली येत नाही. संध्याकाळी अंबाझरी तलावाला चक्कर मारली, चहा सहानंतर टाळला, तर लवकर उतरते. एवढं कळलं तरी माझे निम्मे पैसे वसूल.

उरलेले निम्मे श्वासाच्या भागाने दिले. मनगटावर हलकं कंपन होतं, त्या तालावर मिनिटाला सहा श्वास, सोडायचा तो लांब. लांब उच्छ्वासाने व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणारी नस, हृदयाचा वेग उतरवते. खांदे सैल पडलेले मला स्वतःलाच जाणवतात. फक्त टेबलावर हात टेकलेला असेल तर घुर्र आवाज होतो. शेजारच्या टेबलावरून लगेच, “ताई, फोन वाजून राहिला नं तुमचा!”

रबरी पट्ट्याखाली घामोळं येतं, सैल केला तर रीडिंग तुटतं. कापडी पट्टा वेगळा घ्या. माझ्या नणंदेसारखं दर दहा मिनिटांनी आकडा बघून धास्तावणाऱ्यांनी यात पैसे घालू नयेत. आणि बीपी असेल तर दंडाला पट्टा लावायचं मशीनच वापरा.

पाचपैकी तीन तारे. सूचना पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर भर मीटिंगमध्ये “तुम्ही तणावात आहात” असं उजळतं, तेही हिंदीत.