कॅनचा तळ पाहूनही मी 2,300 रुपये दिले

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलची टाकी आणि दोन साइड पॅनल रंगवायला गॅरेजवाल्याने 6,500 रुपये सांगितले. तेवढे जवळ नव्हते, म्हणून लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर मीच ते काम करायचे ठरवले. प्रायमर 280, काळ्या रंगाचे दोन कॅन 640, पॉलिश पेपर 120. इथपर्यंत सगळे ठीक झाले. फसलो तो 2के क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावर मारायच्या दोन घटकांच्या पारदर्शक थरात, 1,150 ला एक याप्रमाणे दोन कॅन घेऊन.

पेट्रोल सांडले तरी टिकणारा थर हवा असेल तर हार्डनरवालेच, म्हणजे थर कडक करणारे रसायन असलेलेच क्लिअर लागते, हे मला ठाऊक होते. अशा कॅनच्या तळाशी खटका असतो. तो दाबला की आतला हार्डनर सुटतो आणि मग कॅन एक-दोन दिवसांत संपवावा लागतो. दुकानात मी कॅन उलटा केला, तर तळ सपाट. लेबलाची कड अंगठ्याखाली सुटली आणि खाली दुसऱ्याच लेबलाची निळी पट्टी दिसली. "आता हार्डनर आधीच मिसळलेला येतो, साहेब," दुकानदार म्हणाला. तसा मिसळला असता तर माल दुकानात पोहोचण्याआधीच कॅनमध्ये घट्ट झाला असता! हे मला तिथेच कळायला हवे होते. पण मागे गिऱ्हाइके खोळंबली होती, सुट्टीचा एकच दिवस हातात होता, आणि लेबलावर ठळक अक्षरांत 2के छापलेले होते. छापील शब्दावर विश्वास ठेवला, यात माझा काय गुन्हा? खऱ्या 2के क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, त्यासाठी योग्य मास्क लागतो. त्याने मास्कचा विषयही काढला नाही, तेव्हाही मी सावध झालो नाही.

आठ दिवस रंग वाळू दिला. पहिल्यांदा पेट्रोल भरताना झाकणाशी चार थेंब ओघळले, मी ते पुसले, आणि फडके काळे झाले. टाकीवर बोटभर रुंदीचा करडा प्रायमर उघडा पडला. तुम्ही आधी पत्र्याच्या तुकड्यावर क्लिअर मारून, पुरते वाळल्यावर त्यावर पेट्रोलचा बोळा फिरवून पाहा.

पोलीस चौकीत सांगितले, ही ग्राहक तक्रार आहे. तक्रार कार्यालयात सांगितले, पक्के बिल आणा. बिल मागितले तेव्हा दुकानदाराने 18 टक्के वर मागितले होते, आणि ज्याने बिल नाकारले त्याच्याकडूनच बिल आणायला मला तीनदा परत पाठवण्यात आले. त्यात माझ्या दोन अर्ध्या रजा गेल्या. बिल न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, हे त्या खुर्चीवरच्या माणसाला मी सांगायचे?

उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत नसलेला कॅन हातातही घेऊ नका. पैसे यूपीआयनेच द्या, निदान नोंद राहते. त्याच नोंदीवर मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करत आहे; 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. दोन्ही रिकामे कॅन आणि ते काळे फडके पिशवीत बांधून ठेवले आहे.