भुईमूग की भात? गांबिया नदीकाठचा हिशेब

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशाच्या सेंट्रल रिव्हर रीजनमध्ये, जांजानबुरे गावाच्या आसपास, वरच्या रेताड जमिनीत पुरुषांचा भुईमूग आणि खाली नदीलगतच्या पाणथळीत बायकांचा भात, अशी जुनी वाटणी.

भुईमुगाचं सोपं. पावसाला पेरायचा, पावसाळा सरताना उपटायचा, विकला की हातात रोकड. भाव मात्र दुसराच ठरवतो, आणि पावसाने ओढ दिली की शेंगा पोचट.

भात कंबर मोडतो. घोटाभर चिखलात लावणी, आणि लोंबी धरली की रात्री नदीतून पाणघोडे वर येतात! (कोकणात डुकरांनी तुडवलेलं खाचर ज्यांनी पाहिलंय, त्यांनी यावरून अंदाज बांधावा.) पण समुद्राचं खारं पाणी इथवर पोचत नाही, म्हणून पंप असेल तर दुबार पीक निघतं. १९८४ मध्ये जाहाली-पाचार या भातसिंचन प्रकल्पाने तेच केलं. पीक वाढलं तसा बायकांच्या खाचरांवर घरच्या पुरुषांनी हक्क सांगितला.

मला विचाराल तर भातच. शेंगा विकून शेवटी बाहेरदेशचा तांदूळच विकत आणायचा ना? दोमोदा, म्हणजे तिथलं शेंगदाण्याचं दाट कालवण, तेही वाढतात भातावरच.