नवं कुत्रं आलं: लगेच सगळ्यांत सोडायचं की आधी वेगळं ठेवायचं?

घरात तीन-चार कुत्री असताना रेस्क्यूचं नवं कुत्रं सांभाळायला आलं की हा प्रश्न येतोच.

लगेच सोडलं तर जागा कमी लागते, काम एकदाच होतं. पण पार्व्होची (कुत्र्यांना होणारा संसर्गजन्य, जीवघेणा ठरू शकणारा आजार) लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस, कधी १४ दिवसही लागतात. तोवर वरून ठणठणीत दिसणारं पिल्लू घरभर संसर्ग पसरवू शकतं. शिवाय बिचकलेल्या जिवाला चार अनोळखी नाकांनी घेरलं, तर तो चावणारच. त्यात त्याचा काय दोष?

वेगळ्या खोलीत ठेवण्यात दमछाक आहे. भांडी वेगळी, फिरवणं वेगळं, दर वेळी हात धुणं. तरी मी हेच करते. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की आधी नव्या-जुन्या कुत्र्यांच्या चादरींची अदलाबदल, एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीने एकदा अशी चादर हुंगली, पाठीवरचे केस ताठ केले आणि थोड्या वेळाने तिच्यावरच हनुवटी टेकून झोपली. तेव्हा भेटीची वेळ झाली हे कळलं. भेट मात्र घराबाहेर, पट्टा सैल धरून, शेजारी-शेजारी चालत. जेवणाचे कोपरे पुढेही वेगळेच.