पक्ष्यांच्या नोंदी: वही की ईबर्ड?
नागपुरात अंबाझरी, गोरेवाडाकडे नव्यानं पक्षी पाहायला लागलेल्या एका भाऊनं विचारलं की नोंदी कुठे ठेवू, म्हणून दोन्हीचं सांगतो. खर्चाचं टेन्शन नाही, ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट न् ॲप फुकटच आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-अभ्यास केंद्राची (कॉर्नेल लॅब), 2002 पासून चालू. मेहनत वाचवण्यात ॲप पुढे, वेळ न् अंतर आपोआप घेतं, आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या यादीचा पॅक आधी डाउनलोड केला तर नेटवर्क नसलं तरी चालतं.

खरा फरक शोधताना कळतो. मागच्या हिवाळ्यात चक्रवाक कधी दिसला हे वहीत पानं उलटत शोधावं लागते, ॲपवर नाव टाकलं की तारखा समोर, आणि आपली नोंद अभ्यास करणाऱ्यांच्याही कामी येते, हे मला फार मोलाचं वाटतं. वही पावसात भिजली की संपलं.

पण पक्षी कोणत्या झाडावर काय खात होता, आवाज कसा होता, अनोळखी पक्ष्याच्या पंखांचं चित्र, हे वहीतच नीट उतरतं, उन्हात स्क्रीन धड दिसतही नाही. घरट्याची जागा मात्र कुठेच जाहीर करू नका, प्लीज.

यादी न् तारखा हव्या तर ईबर्ड. वागणूक शिकायची असेल, किंवा सोबत शाळकरी पोरं असतील, तर वही घ्या.