मुरबाड-शहापूरच्या घरासाठी गोबरगॅस: तरंगती टाकी की दीनबंधू?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात दोन-चार गुरे सांभाळणाऱ्या कुटुंबाने गोबरगॅस बांधायचे ठरवले, की तरंगत्या टाकीचा की जमिनीखालच्या घुमटाचा (दीनबंधू), कोणता नमुना निवडावा हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर, माझ्या मते, बांधकामाच्या खर्चापेक्षा जागेखालच्या पाण्यावर अधिक अवलंबून आहे.

त्याआधी शेणाचा हिशेब करावा. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे एक घनमीटरच्या संयंत्राला रोज २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. गोठ्यात बांधलेली म्हैस दिवसाला सुमारे १५ किलो आणि गाय १० किलो शेण देते, परंतु दिवसभर चरणाऱ्या गुरांचे बरेचसे शेण रानातच पडते. रोजच्या एक घनमीटर गॅसवर तीन-चार माणसांचा स्वयंपाक होतो. शेण रोजच्या २५ किलोंहून बरेच कमी मिळत असेल, तर कोणताही नमुना घेऊ नये.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने प्रसार केलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅस साठेल तशी टाकी वर चढते, तिच्या वजनामुळे शेगडीला सारखा दाब मिळतो आणि टाकी फिरवून शेणकाल्यावर (शेण-पाण्याच्या मिश्रणावर) जमलेली साय मोडता येते. दोष एकच, पण मोठा: लोखंड गंजते, आणि कोकणातल्या दमट हवेत टाकीला दरवर्षी रंग देणे चुकत नाही. फायबरची टाकी गंजत नाही. तिला जास्त पैसे पडतात.

१९८४ मध्ये पुढे आलेले दीनबंधू विटा-सिमेंटच्या घुमटाचे, जमिनीखालचे आणि स्वस्त आहे. त्यात हलणारा भाग नसल्याने देखभाल कमी लागते. मात्र येथे बांधकामातच गॅस साठत असल्यामुळे घुमटाला बारीक तडा गेला तरी गॅस निसटतो. तरंगत्या नमुन्यात गॅस वरच्या टाकीत असल्याने हा धोका पुष्कळच कमी. भातखाचराच्या कडेला पावसाळ्यात पाणी वर येते आणि रिकाम्या बांधकामाला खालून उचलू पाहते, त्यातूनच तडे जातात. म्हणून दीनबंधू उंचावरच्या, मुरमाच्या वरकस जागेवर, या कामात मुरलेल्या गवंड्याकडूनच बांधावे, खोदाई दिवाळीनंतर करावी आणि पावसाआधी ते शेणकाल्याने भरावे. अशी जागा असेल तर मी दीनबंधूच सुचवेन. खाचराजवळच जागा असेल तर फायबरची तरंगती टाकी.

राबाचा विचार मात्र दोन्हींत करावा लागतो. शेण, पाला आणि फांद्या पसरून रोपवाटिकेची जमीन भाजण्याची रीत, म्हणजेच राब, या भागात आहे, आणि त्यासाठी घरात शेण साठवले जाते. भाजताना शेणातले नत्र हवेत जाते. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत ते बहुतेक टिकते. तीच मळी रोपवाटिकेला घालता येते, म्हणून राबासाठी शेण राखून ठेवल्याने चूल बंद पडू देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. मळीच्या खड्ड्यावर छप्पर हवे, नाहीतर आषाढातल्या पावसात सारे खत वाहून जाते.

अनुदानाची चौकशी खोदाईपूर्वीच पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी. दुरुस्तीसाठी रिकाम्या टाकीतही कोणी एकट्याने उतरू नये, कारण आत साठलेल्या वायूने क्षणात गुदमरायला होते.